घरात मतं किती?

आमच्या पेठेत एक युवा नेते आहेत. त्यांचा नातू गेल्या जूनमध्ये बालवाडीत जायला लागला. नातवाला सोडायला ते स्वतः हौसेनं जात. शाळेच्या कोपऱ्यावर त्यांचाच फ्लेक्स होता. 'युवा हृदयसम्राट, तरुणाईची धडकन' असा मजकूर, केस काळेभोर, डोळ्यांवर गॉगल, एक हात आभाळाकडं. फ्लेक्सखाली प्रत्यक्ष उभ्या असलेल्या इसमाच्या एका हातात नातवाची पाण्याची बाटली आणि दुसरा हात नुकत्याच बदलून घेतलेल्या गुडघ्यावर. एक दिवस नातवानं वर बघून विचारलं, "आजोबा, ह्यो काका कोण?" त्या दिवसापासून नातवाला सोडायला आजी जाते.

आमच्याकडं तरुण व्हायला वयाची अट आहे, तरुण राहायला नाही. युवक आघाडीचं पद सोडलं की माणूस एका रात्रीत ज्येष्ठ होतो. ज्येष्ठ झाला की त्याला नुसतं मार्गदर्शन करावं लागतं. म्हणून ते पद कुणी सोडत नाही आणि मागची पोरं रांगेत उभी राहून राहून टक्कल पाडून घेतात. फ्लेक्सवर या पोरांची जागा ठरलेली असते. वर पक्षाचे नेते, मध्ये हृदयसम्राट आणि तळाला 'शुभेच्छुक' म्हणून चाळीस-पन्नास चेहरे, जन्मदात्या आईलाही भिंगाशिवाय ओळखू येणार नाहीत एवढे बारीक. फ्लेक्सची वर्गणी मात्र तळातल्यांनीच काढलेली असते.

या चिरतारुण्याला आमच्या शहरात सरकारी हातभारही लागला. कोल्हापूर महापालिकेची निवडणूक झाली होती १ नोव्हेंबर २०१५ ला. सभागृहाची मुदत संपली नोव्हेंबर २०२० मध्ये. तेव्हा कोरोना होता. कोरोना गेला तर ओबीसी आरक्षणाचा खटला आडवा आला, खटला हलला तर प्रभागरचना आली, आणि प्रशासक बसले ते बसलेच. मतदानाचा दिवस उगवला १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात 'भावी नगरसेवक' हे पूर्णवेळ पद होऊन बसलं. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका भावींनी मुलीच्या लग्नपत्रिकेत 'भावी नगरसेवकांची ज्येष्ठ कन्या' असं छापलं होतं. पुढं तिच्या बाळाच्या बारशाच्या पत्रिकेत 'भावी नगरसेवकांचा नातू' असं आलं. घरात सगळ्यांची बढती झाली, भावी तेवढे भावीच राहिले.

यात पोरांचं काय झालं, हा हिशेब कुणी मांडला नाही. २०१५ च्या त्या मतदानाला जो पोरगा सतरा वर्षांचा होता, त्याला महापालिकेसाठी पहिलं मत द्यायला मिळालं सत्ताविसाव्या वर्षी. नगरसेवक व्हायला कायद्यानं एकवीस वर्षं पुरतात. म्हणजे गडी उमेदवार व्हायला लायक झाला, पदवी झाली, नोकरी लागली, सुटली, लग्न ठरलं, एखाद्याचं मोडलंही, आणि नगरसेवक निवडायचा अजून बाकीच. राज्यघटनेची ६१ वी दुरुस्ती करून मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आणलं ते १९८९ मध्ये. कोल्हापुरात महापालिकेपुरतं ते सत्तावीसवर गेलं आणि त्यासाठी कसलीही दुरुस्ती लागली नाही.

बरं, आमच्या लोकांना मतदानाचा कंटाळा आहे म्हणावं, तर तेही नाही. २०२४ च्या विधानसभेला राज्यात सर्वांत जास्त मतदान कोल्हापूर जिल्ह्यात झालं. करवीर मतदारसंघात शंभरातले ऐंशीहून जास्त लोक केंद्रावर पोचले. आमच्याकडं माणूस एक वेळ स्वतःच्या साखरपुड्याला उशिरा येईल, पण मतदानाला सकाळी सातला रांगेत असतो. पहिलं मत आपलं पडलं पाहिजे, ही ईर्षा. कुणाला पडलं, हा नंतरचा विषय.

तर निवडणूक लागली आणि सगळ्या पक्षांना एकाच आठवड्यात तरुण आठवले. एका पक्षाचे शहरातले पदाधिकारी माझ्याकडं आले.

"सर, युवा संवाद मेळावा घेतोय. सूत्रसंचालन तुम्ही करायचं."

"अहो, मी चोपन्न वर्षांचा आहे."

"म्हणूनच तर आलोय. तरुण पोरगं घेतलं तर ते काय बोलंल त्याचा नेम न्हाई."

मला बरं वाटलं. आपण निरुपद्रवी आहोत याची इतकी रोख पावती या वयात कुणाला मिळते? मी होकार दिला आणि कपाटातून जीनची पँट काढली. ती कमरेला बसली नाही. शेवटी तरुणाईला साजेसं म्हणून नेहमीच्या पँटीवर पांढरे बूट घालून गेलो. बायको म्हणाली, "पी.टी.चे मास्तर दिसताय."

मेळावा अकराचा होता, पाहुणे एकला आले. समोर गर्दी हवी म्हणून एका कॉलेजच्या दोन तुकड्या हजेरीपटासकट आणून बसवल्या होत्या. त्याच दुपारी शाहू स्टेडियमवर दोन मोठ्या तालमींचा फुटबॉल सामना होता. ही गोष्ट ज्याला माहीत नाही त्यानं कोल्हापुरात तरुणांचा मेळावा घेऊ नये. पोरं घड्याळाकडं आणि दाराकडं आळीपाळीनं बघत होती. व्यासपीठावर बावीस खुर्च्या होत्या. सगळ्यात लहान म्हणून कडेला ज्यांना बसवलं होतं ते विद्यार्थी आघाडीचे प्रमुख. त्यांच्या थोरल्या मुलाची यंदा बारावी आहे.

दीपप्रज्वलन झालं, प्रतिमापूजन झालं, स्वागतगीत झालं. मग फेटे. बावीस मान्यवर आणि फेटा बांधणारा एकच, त्यात तो कलावंत माणूस. मनासारखा तुरा निघाल्याशिवाय डोकं सोडत नव्हता. तेवढ्या वेळात मी तरुणाईवर जे जे बोलायचं ते बोलून संपवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. तरुणांना आवडतं म्हणून एक रॅपही ठेवलं होतं. ते करायला आमच्या भागातले पोवाड्यांचे शाहीरच आले होते. त्यांना फक्त टोपी उलटी घालायला लावली होती. त्यांनी सवयीनं पहिली ललकारी अशी काही ठोकली की ध्वनिक्षेपक बंद पडला.

ध्वनिक्षेपक सुरू झाल्यावर मी म्हणालो, "आता आपले लाडके युवा नेते दोन शब्द बोलतील." व्यासपीठावरचे सातजण एकदम उठले. उठताना प्रत्येकानं शेजारच्याच्या खांद्याचा आधार घेतला, त्यामुळं कोण आधी उठला हे ठरेना. शेवटी ज्यांचा गुडघा सर्वांत नवीन, ते पुढं आले.

ते म्हणाले, "आजचा तरुण मोबाईलमध्ये बुडालाय. त्याला वाचन नाही, चिंतन नाही." त्यांचा स्वीय सहायक हे वाक्य तीन बाजूंनी रीलसाठी टिपत होता. भाषणाच्या शेवटी त्यांनी सगळ्यांना मोबाईल बाहेर काढायला लावले आणि पक्षाचं पेज फॉलो करायला सांगितलं. मग जाहीरनाम्यातला तरुणांसाठीचा खास विभाग वाचून दाखवला: रंकाळ्यावर सेल्फी पॉइंट, प्रत्येक प्रभागात ओपन जिम आणि साहेबांच्या वाढदिवसानिमित्त क्रिकेट चषक. आमच्या पोरांचे दंड मजबूत व्हावेत याबद्दल सर्वपक्षीय एकमत आहे. त्या दंडांना पुढं काम काय, ते जाहीरनाम्याच्या पुढच्या आवृत्तीत असावं.

"कुणाला काय विचारायचंय?" मी नियमाप्रमाणं म्हणालो आणि नियमाप्रमाणं आभाराकडं वळणार, तेवढ्यात दुसऱ्या रांगेत एक हात वर झाला. तो हात माझ्या मुलीचा होता. घरी तिनं प्रश्न विचारला की मी पेपर तोंडापुढं धरतो. इथं माझ्या हातात पेपर नव्हता आणि तिच्या हातात माईक होता.

"सर, तुम्ही म्हणालात एक जानेवारीला अठरा पूर्ण झाली की नाव नोंदवा. आता वर्षात चार तारखा आहेत. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. आणि सतरा झाली की आगाऊ अर्जपण भरता येतो. नमुना सहा."

व्यासपीठावर कुजबुज झाली. ही सोय २०२२ पासून आहे, पण तोवर आमचे युवा नेते फार पूर्वीच अठरा ओलांडून गेले होते, त्यांना कोण सांगणार?

"एक्क्याऐंशी जागा आहेत. तुमच्या उमेदवारांत पंचविशीच्या आतले किती?"

"तरुणांना संधी देण्याचं पक्षाचं धोरणच आहे," नेते म्हणाले.

"कधी?"

"योग्य वेळी."

"म्हणजे आम्ही तरुण असताना, का नंतर?"

पहिल्यांदाच सभागृहात आवाज झाला. मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी घातली. नेत्यांनी कपाळ पुसलं आणि शेजारचा जिल्हा मदतीला घेतला. "बघा, तासगाव-कवठेमहांकाळमधून २०२४ ला रोहित पाटील पंचविसाव्या वर्षी आमदार झाले की नाही?"

"झाले की. पण त्यांच्या घरात वडील, आबाच आमदार होते. ज्याच्या घरात कुणी आमदार न्हवता असा एक दाखवा न्हवं."

मी घाईघाईनं आभार मानायला घेतले. आभारात ध्वनिक्षेपकवाल्याचं नाव राहिलं आणि त्यानं मध्येच वायर काढली. दुसऱ्या दिवशी बातमी आली: 'युवकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.' शिट्टी त्यांनी प्रतिसादात धरली असावी.

त्या व्यासपीठावर राजर्षी शाहू महाराजांची तसबीर होती. कोल्हापुरात ती नसलेलं व्यासपीठ मी पाहिलेलं नाही. एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष त्या तसबिरीला तेवढ्याच जाडीचा हार घालतात. सूत्रसंचालकाला बसायला खुर्ची नव्हती, म्हणून मी तसबिरीशेजारी उभा राहून मनातल्या मनात हिशेब करत होतो. महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. संस्थानाचा कारभार हाती घेतला २ एप्रिल १८९४ ला. म्हणजे विसावं पुरं व्हायलाही अजून जवळजवळ तीन महिने होते. मागासलेल्या जातींसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला जुलै १९०२ मध्ये, तेव्हा वय अठ्ठावीस. आज एखादा एकोणीस वर्षांचा मुलगा असले विचार घेऊन आमच्या पक्षकार्यालयात आला असता, तर त्याला आधी सतरंज्या घालायला लावलं असतं. नऊ वर्षं नेकीनं घातल्या असत्या तर अठ्ठाविसाव्या वर्षी 'शहर युवक आघाडीचा सहचिटणीस' केलं असतं. राखीव जागांच्या मसुद्यावर शेरा पडला असता, 'वरिष्ठांशी चर्चा करून कळवतो.' वारसा सांगताना सगळ्यांना महाराजांचं काम आठवतं, वय तेवढं कुणाला आठवत नाही.

पूर्वी निदान कॉलेजात सराव व्हायचा. आज वर बसलेल्यांतले कितीतरी जण कधीकाळी जी.एस. म्हणून निवडून आले आणि तिथून राजकारणात शिरले. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्यात त्या पुन्हा आल्या, पण कागदावर. आपण आत शिरल्यावर आतून कडी लावून घ्यायची आणि मग खिडकीतून ओरडायचं, 'तरुणांनी राजकारणात आलं पाहिजे!'

तरीही प्रचारात पोरांना मागणी प्रचंड. मोटारसायकल रॅलीला पोरं लागतात, पत्रकं वाटायला लागतात, हलगीपुढं नाचायला लागतात. आमच्या गल्लीतली चौकडी सगळ्या पक्षांच्या रॅलीत होती. सकाळी एका रंगाचा स्कार्फ, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. गाडी तीच, टाकी मात्र प्रत्येक वेळी फुल्ल. रात्री जेवणावळी. मी एकाला विचारलं, "अरे, तू नेमका कुणाचा?"

"काका, तांबडा त्यांच्यात चांगला असतोय, पांढरा ह्यांच्यात."

"आणि मत?"

"मत रश्शात घालत न्हाई मी," तो म्हणाला.

२०१९ च्या लोकसभेला कोल्हापुरात 'आमचं ठरलंय' ही घोषणा गाजली. रिक्षांवर, टोप्यांवर, पोरांच्या बनियनवर तेच. आता पक्षांची झोप उडवणारा मतदार तो, जो चहा पितो, हसतो, फोटोला उभा राहतो आणि म्हणतो, 'आमचं अजून ठरायचंय.' पूर्वी असं म्हणणारा माणूस भाव वाढवतोय असं समजत. ही पोरं खरंच विचार करत असतात, आणि त्याला काय भाव द्यायचा ते कुठल्याच पक्षाच्या वहीत लिहिलेलं नाही.

वहीवरून आठवलं. आमच्या भागात मतांचा व्यवहार ठोक चालतो. किरकोळ मतदाराला कुणी विचारत नाही. कार्यकर्ता दारात येतो, घरातल्या सर्वांत वयस्कर पुरुषाला नमस्कार करतो आणि एकच प्रश्न विचारतो, "घरात मतं किती?" आमच्या घरात आठ. आठ म्हणजे पेठेत मानाचा आकडा. सभेला पहिल्या रांगेत खुर्ची आणि नळाची तक्रार त्याच दिवशी दूर. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा आकडा आयुष्यभर छाती पुढं काढून सांगितला.

मी अठराव्या वर्षी मतदार होणाऱ्या पहिल्या खेपेतला. १९८९ ची लोकसभा. देशात तरुण मतदारांवर अग्रलेख येत होते, मी ते जपून वाचत होतो. मतदानाच्या दिवशी सकाळी मी अण्णांना म्हणालो, "मला वाटतं, उमेदवारांची तुलना करून..." अण्णा म्हणाले, "शिक्का कुठं मारायचा ते मी सांगतो. तू फक्त शाई वाळवून नीट घडी घाल." मी घडी फार सुबक घातली होती.

तर यंदाही कार्यकर्ता आला. हातात यादी, कानाला पेन्सिल.

"अण्णा, घरात मतं आठच न्हवं?"

"आठ," अण्णा म्हणाले.

"सात," माझी मुलगी आतून म्हणाली. "माझं मी बघतो."

कार्यकर्ता हसला. लहान लेकरानं मोठ्यांत बोलल्यावर हसतात तसा. "ताई, आपलं पॅनेल हाय. चार बटणं, चारीबी आपलीच दाबायची."

"पॅनेल म्हणजे कॉम्बो ऑफर. एक पाहिजे तर बरोबर तीन नको असलेले घ्या. त्या तुमच्या 'ब'मधल्या बाई चांगल्या आहेत, त्यांना देईन म्हणतो. बाकी तिघांनी काय काम केलंय ते सांगा."

कार्यकर्त्यानं यादीत बघितलं. काम हा रकाना यादीत नव्हता. त्यानं विषय बदलला. "पुण्याच्या दादाला फोन लावा. गुरुवारी मतदान हाय, बुधवारी रात्री हिंजवडीतनं गाडी सोडतोय."

पुतण्याला फोन लागला. कार्यकर्त्यानं मोठ्या प्रेमानं गाडीचं सांगितलं. पुतण्या म्हणाला, "गाडी कशाला, मी माझा येतो. दर निवडणुकीला तुम्ही आम्हाला आणायला गाडी पाठवताय. त्यापेक्षा इथं कोल्हापुरात चार कंपन्या येतील असं काहीतरी बघा की, कायमचाच येतो. आणि हो, माझं मत त्या आठात धरू नका."

"सहा," मुलगी म्हणाली.

"पाच," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. मी दचकलो. छत्तीस वर्षं मतदार असून मला हे सुचलं नव्हतं. "चार" म्हणून आपणही काहीतरी बोलावं असं वाटून मी घसा खाकरला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "पंखा लावू काय?"

भाऊ आणि वहिनींनी एकमेकांकडं बघितलं आणि एकदम म्हणाले, "आमचं अजून ठरायचंय."

कार्यकर्त्याच्या पेन्सिलीचं टोक खोडून खोडून गेलं होतं. त्याला पहिल्यांदाच घाम आलेला मी बघितला. आठांचं घर डोळ्यादेखत किरकोळीत निघालं होतं. मग त्यानं एक गोष्ट केली, जी मी आजवर कुठल्याच कार्यकर्त्याला करताना पाहिली नव्हती. अण्णांच्या समोरची खुर्ची उचलून त्यानं ती माझ्या मुलीसमोर ठेवली, तीत बसला आणि म्हणाला, "बरं, सांगा ताई. काय काय पाहिजे तुम्हाला?"

ती सुरू झाली. पंचगंगेचं पाणी. हद्दवाढ: १९७२ मध्ये महापालिका झाली तेव्हापासून शहर आहे तेवढंच आहे, हा विषय तिच्या बापाच्या बालपणापासून चालू आहे. (बाप म्हणजे मी. मान डोलावली.) रात्री क्लासवरून येताना बंद असलेले दिवे. वाचायला बसायला अभ्यासिका. सेल्फी पॉइंट नको, आहे तेवढ्या जागेत चेहरा मावतो. कार्यकर्ता मतदारयादीच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत होता. मध्येच थांबून विचारायचा, "अभ्यासिका कुठं म्हणालासा?"

अण्णा इतका वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी उरलीसुरली अब्रू गोळा केली आणि म्हणाले, "लिही. आमची दोन पक्की. माझं आणि हिचं."

आई दारात लसूण सोलत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "तुमचं एकच लिवायला सांगा."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. "म्हंजे? कवापासनं?"

"पहिल्यापासनं."

"सदुसष्टला बी?"

"सदुसष्टला बी," आई म्हणाली, आणि कार्यकर्त्याकडं वळली. "चहात साखर चालती न्हवं रं तुला?"